महिला मंडळं, त्यांचा इतिहास आणि मदतीसाठी उभा केलेला पैसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळात दर वर्षी नव्या मुली येतात आणि साधारण हेच प्रश्न विचारतात. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. जिथे मला जास्त सांगावंसं वाटलं तिथे उत्तर लांबलंय, समजून घ्या.

महाराष्ट्रात बायकांचं पहिलं मंडळ कुठलं?

बहुतेक ठिकाणी सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात १८५२ साली काढलेल्या महिला सेवा मंडळाचं नाव घेतलं जातं. त्याच वर्षी संक्रांतीला मंडळाने तिळगूळ समारंभ ठेवला होता, अध्यक्ष होत्या कलेक्टरसाहेबांच्या पत्नी मिसेस जोन्स, आणि निमंत्रणातच स्पष्ट लिहिलं होतं की कुठल्याही जातीच्या बायका आल्या तरी सगळ्यांना एकाच जाजमावर बसवून हळदीकुंकू आणि तिळगूळ दिला जाईल. पुण्यात, १८५२ साली! ज्या काळात शाळेत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकलं जायचं त्या काळात हे निमंत्रण छापून वाटलं गेलं. आपण आज हळदीकुंकवाला दहा जणींना बोलवताना कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही याची यादी करतो तेव्हा मला हे जाजम हटकून आठवतं.

त्यानंतरचं मोठं नाव म्हणजे पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात स्थापन केलेला आर्य महिला समाज. नंतर मुंबईतही त्याचं काम सुरू झालं. बायकांनी एकत्र जमायचं, वाचायचं, मुलींच्या शिक्षणावर आणि बालविवाहावर बोलायचं, असं त्याचं स्वरूप होतं.

पंडिता रमाबाईंनी इतका पैसा उभा कसा केला?

हा माझा आवडता विषय, कारण रमाबाईंची विद्वत्ता सगळे सांगतात पण त्या निधी उभा करण्यात किती हुशार होत्या ते फारसं कोणी सांगत नाही. त्यांच्याकडे घरचा पैसा शून्य. आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत वारला, पदरात लहान मुलगी. तरी १८८३ साली इंग्लंडला गेल्या, आणि त्या प्रवासासाठी त्यांनी स्वतः लिहिलेल्या स्त्री धर्म नीति या पुस्तकाच्या विक्रीचा पैसा कामी आला.

पुढे १८८६ ला आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी अमेरिकेत गेल्या आणि मग तिथेच थांबून गावोगाव भाषणं दिली. १८८७ मध्ये द हाय कास्ट हिंदू वूमन हे इंग्रजी पुस्तक लिहिलं, त्याच्या विक्रीतून पैसा आला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, जिने भारतातल्या विधवांच्या शाळेचा खर्च दहा वर्षं उचलायचं कबूल केलं. अमेरिकेत ठिकठिकाणी रमाबाई सर्कल नावाचे बायकांचे छोटे गट तयार झाले, आणि त्यातल्या बायका वर्षाला ठरलेली छोटी रक्कम द्यायच्या. म्हणजे एकाच श्रीमंताच्या मर्जीवर शाळा टांगलेली नव्हती. खूप जणींनी थोडं थोडं द्यायचं, दर वर्षी द्यायचं, आणि खर्चाचा हिशेब त्यांच्यापर्यंत पोचवायचा. या पैशावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं.

मग शारदा सदनाला पुण्यातल्या लोकांनी साथ का सोडली?

धर्मांतराच्या वादावरून. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या होत्याच, सदनातल्या मुलींवरही तसा प्रभाव पडतोय असा आरोप झाला, १८९३ मध्ये वाद टोकाला गेला, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून घेतल्या. रमाबाई मात्र थांबल्या नाहीत, १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो मुलीबायकांना आसरा दिला आणि त्यातून केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. ते आजही चालू आहे.

मला वाटतं दोन्ही बाजूंचं म्हणणं समजून घेऊन हा भाग वाचायला हवा. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातून एक गोष्ट घडली, इथल्या लोकांनी इथल्या पैशावर विधवांसाठी काहीतरी चालवावं ही गरज तयार झाली. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला तो याच पार्श्वभूमीवर. त्यांच्या पत्नी बाया म्हणजे शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. पुढे रावबहादूर गोखल्यांनी हिंगण्याला जागा आणि रोख मदत दिली आणि १९०० साली आश्रम तिकडे गेला. तेव्हा हिंगणं म्हणजे शहराबाहेरचं रान, कर्वे फर्ग्युसनमध्ये शिकवून रोज चालत जायचे.

बायकांना एकटीने घराबाहेर पडता येत नव्हतं तर वर्गणी गोळा करायच्या कशा?

जिथे बायकांना जमायची आधीपासून मुभा होती तिथेच. हळदीकुंकू, चैत्रातलं डाळपन्हं, मंगळागौर, कीर्तन. या कार्यक्रमांना घरातून कोणी अडवत नसे, म्हणून त्या काळात बऱ्याच ठिकाणी हळदीकुंकवालाच भाषण ठेवायचे आणि तिथेच निधीचा विषय काढायचे. राजकीय कामासाठीसुद्धा अशी हळदीकुंकवं झालीत.

पण यातली एक गोष्ट फार टोचते. हळदीकुंकवाला बोलावणं सवाशिणींना, आणि पैसा हवा होता विधवांच्या शिक्षणासाठी. जिच्यासाठी निधी जमवायचा तिला त्याच खोलीत यायची बंदी! त्यामुळे विधवा बायकांना स्वतः निधी मागायचा तर दुसरीच वाट काढावी लागली. ती कशी ते पुढच्या उत्तरात.

दुसरा फार सुंदर मार्ग म्हणजे भाऊबीज. कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेने भाऊबीज निधी सुरू केला, म्हणजे दिवाळीत भावाने बहिणीला ओवाळणी घालायची तशी समाजाने संस्थेतल्या मुलींना घालायची. स्वयंसेवक पावत्या घेऊन घरोघरी जातात, रक्कम कितीही छोटी चालते. मला विचाराल तर मराठी माणसाने काढलेली ही निधीची सगळ्यात चांगली कल्पना, कारण यात देणारा दाता होत नाही, भाऊ होतो, आणि भावाला पुढच्या वर्षी परत यावंच लागतं.

पार्वतीबाई आठवले कोण? त्यांचं नाव का घेतलं जात नाही?

घेतलं जायला हवं आणि खूप घेतलं जायला हवं. पार्वतीबाई म्हणजे बाया कर्व्यांची धाकटी बहीण, जन्म १८७० चा, कोकणातल्या. अकराव्या वर्षी लग्न, विशीत वैधव्य, एक मुलगा, केशवपन झालेलं. लिहायला वाचायला शिकल्या त्या विधवा झाल्यानंतर, पुण्याला येऊन. शिकून आश्रमात काम करू लागल्या आणि मग निधीसाठी बाहेर पडल्या.

म्हणजे नेमकं काय करायच्या ते जरा डोळ्यासमोर आणा. लाल आलवण, डोक्यावरून पदर, सकाळी ज्यांचं तोंड बघणं अपशकुन समजायचे तशी बाई अनोळखी गावात स्टेशनवर उतरते, ओळखीचं एखादं घर गाठते, मग वकील, मामलेदार, व्यापारी अशांच्या दारात जाऊन सांगते की विधवांच्या शिक्षणासाठी पैसे द्या. सभेत उभं राहून बोलते. कोणी पैसे देतं, कोणी उपदेश देतं. आणि परत पुढचं गाव. हे विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांतलं सांगतेय. १९१२ च्या सुमारास त्यांनी केशवपन बंद केलं, तेही स्वतः विचार करून, स्वतःच्या निर्णयाने. आणि १९१८ मध्ये, जवळजवळ पन्नाशीत, धड इंग्रजी येत नसताना अमेरिकेला गेल्या! तिथे इंग्रजी शिकायला मिळावं म्हणून लोकांच्या घरी घरकाम केलं, आश्रमासाठीही मदत मिळवली, १९२० मध्ये परत आल्या. माझी कहाणी या नावाने त्यांनी आत्मचरित्र लिहिलंय, मिळालं तर जरूर वाचा, भाषा अगदी साधी आहे.

मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त काय वाटतं सांगू का, आपण नेहमी म्हणतो की आश्रमाने विधवांना उभं केलं, पण पार्वतीबाईंच्या बाबतीत पैसे मागायला बाहेर पडणं हेच त्यांचं शिक्षण झालं होतं. दार वाजवणं, अपमान गिळून पुढच्या दारी जाणं, जमलेली पै पै लिहून ठेवणं आणि परत आल्यावर आश्रमात भरणं. त्या नुसत्या निधी गोळा करत नव्हत्या, एक विधवा बाई चारचौघात ताठ उभी राहून बोलू शकते हे शेकडो घरांना दाखवत होत्या. मंडळांच्या इतिहासात आपण अध्यक्षांचे फोटो लावतो, वर्गणी मागत फिरलेल्या बायकांचे लावत नाही, हे बदलायला हवं.

मोठ्या देणग्या मिळाल्याच नाहीत का?

मिळाल्या की. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं त्याला सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले आणि त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, असं नाव विद्यापीठाला मिळालं. तेच आजचं एसएनडीटी. पण मोठी देणगी येईपर्यंत वीस वर्षं काम जिवंत ठेवलं ते छोट्या वर्गण्यांनी.

रमाबाई रानडे आणि सेवासदनाचा काय संबंध?

रमाबाई रानड्यांनी मुंबईत हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब चालवला होता, म्हणजे क्लब हा शब्द आपल्या बायकांना शंभर वर्षांहून जुना आहे. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १९०८ मध्ये समाजसुधारक बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांच्या पुढाकाराने मुंबईत सेवासदन सुरू झालं, त्याच्याही अध्यक्ष त्याच. १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन सुरू झालं, रानड्यांच्या वाड्यातच, बरोबर गोपाळ कृष्ण देवधर होते. तिथे शिवण, शिक्षिका होण्याचं शिक्षण आणि मुख्य म्हणजे नर्सिंग. ब्राह्मण घरातल्या विधवेने दवाखान्यात कोणाही रुग्णाची सेवा करायची ही कल्पनाच लोकांना पचत नव्हती, रमाबाईंनी ते घडवून आणलं. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायलाही त्या जायच्या.

ही सगळी मंडळं वरच्या जातीतल्या बायकांचीच होती ना?

बरीचशी, हो. हे मान्य केल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. विधवांचं केशवपन हा ब्राह्मण घरांतला प्रश्न होता आणि निधीही तिथेच जास्त फिरला. कष्टकरी घरातल्या बायकांचे प्रश्न वेगळे होते. पण दुसरी धारही होती. फुले दांपत्य आणि सत्यशोधक मंडळींनी १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला उपाशी मुलांना जेवायला घालायची सोय केली. नागपुरात जाईबाई चौधरींनी, ज्या स्वतः हमाली करून जगल्या होत्या, त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. आणि जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची परिषद झाली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, डॉ. आंबेडकर स्वतः हजर, हजारो बायका आलेल्या. ज्यांच्या घरात दोन वेळच्या भाकरीची भ्रांत त्या बायकांनी गाठीचे पैसे मोडून प्रवास करून यायचं, ही वर्गणी कुठल्याच पावतीपुस्तकात लिहिलेली नाही.

१९२७ ची पुण्याची परिषद कुठली?

अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन, जानेवारी १९२७, फर्ग्युसन कॉलेजमध्ये. अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड, पुढाकार मार्गारेट कझिन्स यांचा. मुलींच्या शिक्षणासाठी भरलेली ही परिषद नंतर कायमची संघटना झाली आणि तिच्याच प्रयत्नातून दिल्लीचं लेडी आयर्विन कॉलेज १९३२ मध्ये निघालं.

स्वातंत्र्यलढ्यात आणि युद्धाच्या वेळी मंडळांनी काय केलं?

टिळक स्वराज्य फंडासाठी १९२१ मध्ये देशभरातून एक कोटी रुपये जमा झाले, त्यात बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिलेत. १९६२ च्या चीन युद्धातही तेच, सोनं दिलं, जवानांसाठी स्वेटर विणले. तुमच्या आजीला विचारून बघा, तिच्या आईने काहीतरी दिलेलं असण्याची शक्यता बरीच आहे.

बालवाडी आणि शिवणक्लास प्रत्येक महिला मंडळात कसे काय आले?

१९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं, दुर्गाबाई देशमुख पहिल्या अध्यक्ष, आणि छोट्या संस्थांना सरकारी अनुदान मिळायला लागलं. त्या काळात गावोगावची महिला मंडळं बालवाडी, शिवणक्लास, भरतकाम असंच काम करायची. याचा फायदा झालाच, कित्येक बायकांनी त्या मशीनवर पोरं शिकवली. पण अनुदान आलं की मंडळाचं काम अर्जाच्या नमुन्याप्रमाणे व्हायला लागतं आणि लोकांकडे मागायची सवय मोडते, आणि अनुदान थांबलं की मंडळाच्या खोलीला कुलूप. वर्गणी मागायची सवय ज्या मंडळांनी टिकवली ती टिकली, असं मी तरी बघितलंय.

लिज्जत पापड हे महिला मंडळच होतं का? आणि बचत गट म्हणजेच महिला मंडळ का?

लिज्जत १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं, पण देणगी घ्यायची नाही असं त्यांनी पहिल्यापासून ठरवलेलं. प्रेमा पुरव यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ १९७५ चं, गिरणी कामगारांना डबे देणाऱ्या खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देणारं. या दोन्हींना मी दानधर्म म्हणणार नाही, तो कष्टाचा धंदा आहे आणि त्याचा मान वेगळा.

बचत गट म्हणजे साधारण दहा ते वीस बायका, स्वतःची बचत, आपसात कर्ज. महाराष्ट्रात माविमचं (महिला आर्थिक विकास महामंडळ, स्थापना १९७५) यात मोठं काम आहे. मंडळ दुसऱ्यासाठी पैसा उभा करतं, गट सभासदांसाठी. दोन्हींचे पैसे कधीच एकत्र करू नका, खातं वेगळं, वही वेगळी. मैत्रिणी त्याच असतात म्हणून गोंधळ होतो आणि मग मैत्रीही जाते.

आमचं छोटं मंडळ आहे, निधीसाठी काय करावं?

आनंदमेळा हा जुना आणि हमखास प्रकार. आम्ही करतो तेव्हा स्टॉलचं भाडं मंडळाला आणि विक्रीचा नफा स्टॉलवालीला असं ठेवतो, कारण सगळाच नफा मंडळाला म्हटलं की दुसऱ्या वर्षी कोणी थालीपीठ लावायला येत नाही. कूपन छापायची, रोख पैसे एकाच टेबलावर घ्यायचे, टेबलावर कायम दोघी, आणि संध्याकाळी हॉल सोडायच्या आधी तिथेच सगळ्यांसमोर मोजायचे. नोटा वेगळ्या, चिल्लर वेगळी, कागदावर आकडा, दोघींच्या सह्या. दमलेले असतो, पाय दुखत असतात, घरून फोन येत असतात, तरी पैसे उद्यावर टाकायचे नाहीत.

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर, नाटकाचा प्रयोग विकत घेऊन तिकिटं खपवणं, रद्दी गोळा करणं हेही चालतं. लकी ड्रॉची तिकिटं विकणं मात्र टाळा, खासगी लॉटरीला कायद्यात मोकळीक नाही. आणि पैसा नेमका कशासाठी ते आधी ठरवा. समाजकार्यासाठी असं मोघम लिहिलं की लोक पन्नास रुपये देतात, अमुक वस्तीतल्या मुलींच्या वसतिगृहाच्या फीसाठी म्हटलं की तेच लोक थांबून चौकशी करतात.

रजिस्ट्रेशन लागतंच का? पावती आणि ८०जी चं काय?

सात जणी असतील तर १८६० च्या सोसायटी कायद्याखाली संस्था नोंदवता येते, आणि महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद होते. नोंद नसताना सार्वजनिक वर्गणी गोळा करायची असेल तर त्याच कायद्याच्या कलम ४१क प्रमाणे धर्मादाय कार्यालयात जावं लागतं, गणेश मंडळं दर वर्षी करतात तेच. दर वर्षी ऑडिट. कमिटी बदलली की बदल अर्ज, हा बहुतेक मंडळं विसरतात आणि मग दहा वर्षांनी कागदावर दिवंगत अध्यक्षच अध्यक्ष राहतात, बँक सह्या मान्य करत नाही आणि सगळं अडतं.

८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी मान्यता, वेगळी मिळवावी लागते, नुसत्या नोंदणीने मिळत नाही. असली तरी २००० रुपयांवरच्या रोख देणगीला करात सूट नाही, आणि नव्या कर पद्धतीत देणगीदाराला ती सूट मिळतच नाही हे आधीच सांगून टाका. परदेशातून पैसे आले, अगदी परदेशी नागरिक झालेल्या आपल्याच भाच्याने पाठवले तरी, आधी एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, परवानगी लागते.

पूर, भूकंप झाला की कपडे गोळा करावेत की पैसे?

पैसे, किंवा तिथून मागितलेली वस्तू. किल्लारीच्या भूकंपात (३० सप्टेंबर १९९३), कोल्हापूर-सांगलीच्या २०१९ च्या पुरात मराठी घरांनी भाकऱ्या भाजून पाठवल्या, ते योग्यच होतं कारण पहिल्या दोन दिवसांत चूल पेटत नाही. पण नंतर जुन्या साड्यांचे गठ्ठे पाठवण्यात अर्थ नसतो. तिथल्याच एखाद्या महिला मंडळाला फोन करून विचारा. त्या सॅनिटरी पॅड म्हणतील, परकर म्हणतील, भांडी म्हणतील, मुलांची वह्यापुस्तकं म्हणतील. बाईशी बाई बोलली की खरी यादी मिळते.

आमच्या मंडळाला पन्नास वर्षं होतायत, इतिहास लिहायचाय, सुरुवात कुठून करू?

भाषणं आणि फोटोंपासून नको. आधी इतिवृत्ताच्या वह्या, कीर्द, पावतीपुस्तकांची स्थळप्रत शोधा. माळ्यावर, जुन्या खजिनदारबाईंच्या कपाटात, नाहीतर ऑडिटरकडे सापडतील. मिळाल्या की मोबाईलवर प्रत्येक पानाचा फोटो काढा, वाळवीचा भरवसा नाही. त्यात कोणी किती दिलं यापेक्षा वर्गणी कोणी आणली ते बघा, पावतीवर घेणारीची सही असते. ज्या नावांच्या सह्या सारख्या दिसतात त्या बायका हयात असतील तर यावर्षीच जाऊन भेटा, रेकॉर्डिंग करा. त्यांना "मंडळाबद्दल दोन शब्द सांगा" असं म्हणू नका, त्या संकोचतात आणि सगळं छान होतं म्हणून गप्प बसतात. कोणाच्या दारात गेला होतात, कोण काय म्हणालं, घरी काय सांगून निघायचा, असं विचारा.